मैदानावरची जहागीर

प्रिय नाना,

आज तुमचा खेळ माझ्या हातून मोडला. हे सांगायचं कुणाला? आई ओसरीवर तूर निवडत बसली होती, तिला सांगायला गेले तर म्हणाली, खेळच होता ना, परत घे एखाद्या शनिवारी. मुख्याध्यापक तर अजूनही त्याला 'सरांची कवायत' म्हणतात. राहिलात तुम्ही. तुम्ही रागावणार की हसणार ते मला दिसणार नाही, तेवढी एक सोय आहे.

शिवाय सोमवारी पुण्याला रुजू व्हायची शेवटची तारीख आहे आणि मी अजून इथंच आहे. त्याचा आणि खेळाचा काय संबंध, असं म्हणाल. सांगते. जरा दमानं ऐका, मधेच लाल पेन काढू नका.

तुम्हाला आठवतं का, हा खेळ कसा सुरू झाला? पुस्तकात मध्ययुगीन युरोप अर्ध्या पानात उरकलेला असायचा. वर राजा, त्याच्या खाली जहागीरदार, त्याच्या खाली शिलेदार, आणि सगळ्यांच्या खाली जमिनीला बांधलेले भूदास. नववीची पोरं हे घोकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. तुमचा नुसता जळफळाट व्हायचा. मग एका शनिवारी तुम्ही खेळाच्या सरांकडून फक्कीची बादली मागून आणलीत, आणि खो-खोचं मैदान आखायच्या त्या पांढऱ्या भुकटीनं शाळेमागे अख्खी जहागीर आखलीत.

लिंबाखाली किल्ला. टाकीपाशी चर्च. मधे शेतं, आणि बाभळींकडे जहागीरदाराचं जंगल, जिथली काडीही भूदासानं उचलायची नाही. चारी बाजूंनी रेघ. रेघेबाहेर हापसा, ते शहर. तुमच्या टोपीतून चिठ्ठ्या काढायच्या, ज्याला जे निघेल ते. भूदासाला ओंजळभर ज्वारी द्यायची आणि मग काढून घेत जायची. जहागीरदाराच्या गिरणीत दळलं म्हणून थोडी, त्याच्या भट्टीत भाकर भाजली म्हणून थोडी, चर्चचा दहावा वाटा म्हणून थोडी. तास संपताना पोराच्या हातात चार दाणे उरायचे आणि तोंड एवढंसं झालेलं असायचं. त्यानंतर त्याला सरंजामशाही म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला लागायचं नाही.

आणि ते किल्ले! कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि चिखल घेऊन युरोपातला किल्ला करा म्हटलं की बुरूज गोल, खंदक, उचलता पूल, सगळं अगदी चित्रातल्यासारखं, आणि वर हमखास दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे. आमच्या गटानंही तेच केलं होतं. तुम्ही गुण कापले नाहीत. पाहुणे आलेत, ऱ्हाऊ द्या, म्हणालात. हळद, नीळ आणि काजळ घेऊन हस्तलिखिताचं पहिलं अक्षर सजवायचा तास, तोही तुमचाच. युरोप जाऊ द्या, तुम्ही पुण्याच्या पुढे कधी गेला नव्हता. पण पोरांना वाटायचं, सर तिकडंच कुठंतरी लहानाचे मोठे झालेत.

खेळातला एक नियम मात्र तुम्ही आधी कधीच सांगायचा नाहीत. जहागीरदाराची नजर चुकवून जो भूदास रेघ ओलांडेल आणि घंटा होईपर्यंत हापशापाशी टिकेल, तो सुटला. खऱ्या इतिहासात त्याला शहरात एक वर्ष आणि वर एक दिवस काढावा लागायचा. मी एकदा जेवताना विचारलं, आधी का नाही सांगत? तुम्ही म्हणालात, सांगितलं तर सगळेच पळतील, न सांगता कोण पळतं ते बघायचंय. मी नववीत भूदास होते आणि पळाले नव्हते. सरांची पोरगी पळते कशी!

मग एक सांगा नाना, पोरांना चिठ्ठी उचलायला लावणाऱ्या माणसानं माझी चिठ्ठी स्वतःच उचलून का टाकली?

बीडच्या दवाखान्यात तुमच्या नाकात नळी होती. दादासाहेब भेटायला आले. संस्थेचे अध्यक्ष, गावातल्या निम्म्या शिवाराचे मालक, ज्यांच्या दारात पुढारी ताटकळत बसतात असा माणूस, पण तुमच्या खाटेपाशी साध्या स्टुलावर बसले. तुम्ही त्यांचा हात धरलात आणि म्हणालात, "माझ्या जागंवर माझ्या लेकीला घ्या." मी उशाशीच उभी होते. बी.एड. तुमच्या आग्रहाखातर केलेलं, एम.ए. संभाजीनगरला नुकतंच संपलेलं. पुढे काय करायचं याचे डोक्यात ढीगभर बेत होते आणि आपलं गाव त्यातल्या एकातही नव्हतं. तुम्ही माझ्याकडे एकदा बघायचं तरी होतं! मी नाही म्हटलं नसतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाहीत ना?

दादासाहेबांनी शब्द पाळला. तुमचं दिवसकार्य झालं आणि ते स्वतःच्या गाडीत बसवून मला बीडच्या कचेऱ्यांमधून फिरवत राहिले. अनुकंपेची फाईल वर्षानुवर्षं धूळ खात पडते म्हणतात, माझी पडली नाही. संभाजीनगरची खोली सोडायला मी गेले नाही, मैत्रिणीनं सामान पोत्यात भरून एसटीनं पाठवलं.

तेव्हापासून तुमच्या खुर्चीत बसते. स्टाफरूममधल्या कपाटावर तुमच्याच नावाची पट्टी आहे, ती काढायचा धीर शिपायाला होत नाही आणि मलाही. पालक मला सरांची ताई म्हणतात. माझं नाव विचारलं तर निम्म्या गावाला सांगता येणार नाही. जहागीर बापाकडून लेकाकडे जायची, शेत कसायचं ओझंही बापाकडून लेकाकडे जायचं. तुम्हीच फळ्यावर बाण काढून शिकवलंत.

दादासाहेब दुष्ट असते तर किती बरं झालं असतं! आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करून दिलं. नारायणगडाला जाऊन आले की गाडी आपल्या दारात थांबवून प्रसाद देतात. मला आजवर कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. अशा माणसाशी भांडण काढायचं तर सुरुवात कुठून करायची? वर्गात बोलताना, मैदानावर, बाजारात, सगळीकडे त्यांचे उपकार माझ्या आधी जाऊन बसलेले असतात. कधीकधी श्वास घेतानाही वाटतं, हे कुणाला विचारायला हवं होतं का?

मग पुण्याचं निघालं. तिथल्या एका वस्तुसंग्रहालयाला शाळेच्या मुलांसाठी इतिहासाचे खेळ तयार करणारं माणूस हवं होतं. मी तुमची जहागीर लिहून पाठवली, नकाशासकट आणि तुमच्या नावासकट. त्यांनी भेटायला बोलावलं. आईला बीडला काम आहे म्हणून सांगितलं आणि पुण्याला जाऊन आले. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, हा खेळ मुलांनी कधी तुमच्यावर उलटवलाय का? मी जी सुटले! समोरचा चहा गार झाला. कितीतरी दिवसांनी मला कुणी तुमच्याबद्दल नव्हे, माझ्या कामाबद्दल विचारत होतं. त्यांनी मला घेतलं. फक्त आधीच्या शाळेतून कार्यमुक्तीचा कागद आणा म्हणाले.

त्या कागदावर दादासाहेबांची सही लागते. म्हणून मळ्यात गेले. चहा आला, आईच्या डोळ्याची चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नाना. समोरच्या बैलांकडे बघत म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला म्या शब्द दिलता. त्यो पाळला. आता तू त्याची जागा सोडून चालली, तर वर गेल्यावर त्याला काय सांगू? आन असं निघून जात नसत्यात. इचारून जायचं आस्तं, समद्यांच्या मनानं. बघू."

बघू! नाही म्हणाले असते तर मी काहीतरी केलं असतं. बघूचं काय करायचं? मुख्याध्यापकांना विचारलं की ते म्हणतात, साहेबांचं काय ठरलं? साहेबांना विचारावं तर ते लग्नात, नाहीतर मुंबईला. आईजवळ विषय काढला तर ती म्हणाली, "त्या मान्साच्या उपकाराला पाय लावायचा व्हय?" आणि भाकरी थापायला वळली. पुण्याहून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी कागद येतोय म्हणाले.

तुम्ही म्हणाल, राजीनामा दे की. नोटिशीची मुदत पाळली नाही तर पगार कापून घेतात आणि मोकळं करतात, हा नियम मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला नियमानं कधी अडवलंच नव्हतं. अर्ज लिहायला बसायचे आणि दवाखान्यातला तुमचा तो हात डोळ्यांपुढे यायचा, दादासाहेबांच्या हातात धरलेला. मग कागद तसाच सरकवून ठेवायचे.

तर आजचा शनिवार. सकाळची शाळा. जाणार म्हणून खेळ घ्यावा, की राहणार म्हणून घ्यावा, मलाच ठरवता येत नव्हतं. फक्की घेऊन जहागीर आखली. चिठ्ठ्या काढल्या.

वर्गात कोमल म्हणून एक मुलगी आहे, धनगराची. आईवडील मेंढरं घेऊन रानोमाळ असतात, ही आजीजवळ राहून शाळेत येते. तिला भूदासाची चिठ्ठी निघाली आणि मेंढरं म्हणून पांढरे खडे मिळाले. जहागीरदार झाला अजिंक्य, बागायतदाराचा मुलगा. जहागीरदारासाठी तुम्ही लिहून ठेवलेल्या हुकुमांच्या कागदातून त्यानं वाचलं की आजपासून सगळ्यांची मेंढरं रात्री माझ्याच शेतात बसतील.

कोमल लगेच म्हणाली, बसवते की, धान्य किती देता? आणि नाना, आमचा जहागीरदार चक्क भाव करायला लागला! दोन पायल्या देतो म्हणाला. कोमलनं तीन मागितल्या, वर सकाळचा चहा. बाकीची पोरं मधे पडून दोघांचं जुळवून द्यायला लागली. त्यांची तरी काय चूक? आपल्याकडे शेतात मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचंच असतं. अजिंक्यच्या घरीही तसंच चालतं. बघता बघता अख्खा युरोप बीड तालुक्यात आला.

मी खेळ थांबवला. सांगितलं, तसं नसतं रे, तिथं जहागीरदार काही देत नाही. मेंढरं भूदासाची, पण खतावर हक्क जहागीरदाराचा. अजिंक्य ओशाळला. म्हणाला, बाई, फुकट कसं घ्यायचं? मी म्हटलं, तू घे, तेव्हा घेत होते.

कोमलनं माझ्याकडे बघितलं. तिला खरंच राग आला होता, खेळातला नव्हे. "फुकट? मंग असल्या गावात कावून ऱ्हायचं?" म्हणाली, खडे ओढणीत गोळा केले आणि चालत रेघेबाहेर गेली. पळालीसुद्धा नाही. माझ्या इतक्या वर्गांत असं कुणी गेलं नव्हतं. एखाददुसरं पोरगं पळायचं, पण ते मजा म्हणून. ही समजून उमजून गेली.

आणि सगळी पोरं ओरडली, बाद, बाद! फक्कीची रेघ ओलांडली की बाद, एवढंच त्यांना खो-खोनं शिकवलंय. कोमल हापशापाशी थबकली. तिच्या तोंडावरचा राग गेला. बाद झालेले खेळाडू बसतात तशी ती गुडघ्यांत हनुवटी घालून खाली बसली आणि तिथून मला विचारलं, "बाई, म्या हारले का?"

काय सांगायचं होतं ते मला पाठ होतं. तू सुटलीस, तू एकटीच सुटलीस, बाकीचे अडकलेत. सगळा तास या एका वाक्यासाठी तर असतो! पण माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "आत ये आधी. असं निघून जात नसतात. विचारून जायचं असतं."

ती आत आली. खडे अजिंक्यसमोर ठेवले. त्यानंही ते उचलले नाहीत, पायानं जरासे बाजूला केले. त्यानंतर कुणी रेघेकडे बघितलंसुद्धा नाही. घंटा झाली, पोरं दप्तरं घेऊन गेली आणि मी लिंबाखाली उभी राहिले. वाक्य कुणाचं होतं ते कळायला मला शाळेच्या फाटकापर्यंत चालावं लागलं.

मग घरी येताना आठवलं, खेळाच्या वेळी तुम्ही कुठं उभे असायचात ते. बाहेर, हापशापाशी. जो कुणी येईल त्याच्यासाठी तुम्ही हापसा मारायचात, पोरगं ओंजळीनं पाणी प्यायचं, आणि आतल्यांना काही न सांगता कळायचं की हे बाद झालेलं नाही. एवढी साधी गोष्ट! मी आत उभी राहते. किल्ल्याजवळ सावली असते म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पोरांनी काय समजायचं?

दुपारभर रडले. तुमचा इतका राग मला आजवर आला नव्हता आणि तुमची इतकी आठवणही आली नव्हती. दर वर्षी एका तासापुरते तुम्ही रेघेबाहेर उभे राहायचात आणि घंटा झाली की परत त्याच खुर्चीत. तुम्हाला स्वतःला कधी कुठं जावंसं वाटलं होतं का? कधी विचारलंच नाही. तुम्ही मला विचारलं नाहीत, मी तुम्हाला. फिट्टंफाट झाली म्हणायची.

संध्याकाळी अर्ज लिहिला. या वेळी पूर्ण. मग आईसमोर बसून तूर निवडायला लागले आणि निवडता निवडता सांगून टाकलं, की उद्या जातेय. आई सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं, आता उपकार निघणार, तुमचं नाव निघणार. पण तिनं विचारलं, "पुन्यात पानी रोज येतं का?" मी म्हटलं, येतं. "मंग कपडे समदे ने, धुयाला तिथं हाय पानी," म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. आत भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येतोय. ती रडतेय, पण मी आत्ता आत गेले तर माझं जाणं होणार नाही. म्हणून इथं तुम्हाला लिहीत बसले आहे.

भीती वाटते, नाना. कागदाशिवाय गेले आणि त्यांनी दारातूनच परत पाठवलं तर? इथली कायमची नोकरी सोडून पुण्याची ती तात्पुरती नोकरीही हाती लागली नाही तर गाव काय म्हणेल, हे मला आत्ताच ऐकू येतंय. दादासाहेब काही बोलणार नाहीत. तेच मला सगळ्यात जड जाणार आहे.

उद्या सकाळी आधी कोमलच्या घरी जाईन. तिला सांगेन की तू हरली नव्हतीस, चुकले ते मी. मग मळ्यात जाईन. दादासाहेबांच्या पाया पडेन, कारण माणूस चांगला आहे आणि मला तसं वळण तुम्हीच लावलंय. अर्ज त्यांच्या हातात देईन. ते बघू म्हणतील. म्हणू देत. मी तोवर बीडच्या गाडीत बसलेली असेन, तिथून पुण्याच्या.

जो शब्द तुम्ही घेतलात आणि त्यांनी दिला, त्यात मी कुठंच नव्हते. मी शब्द देते तो हा, की तुमची जहागीर जिथं जिथं आखीन तिथं आधी तुमचं नाव सांगेन, आणि खेळ चालू असताना आत उभी राहणार नाही. एवढं माझ्याकडून नक्की.

आणि नाना, हे सगळं वाचून तुम्ही परवानगी देण्याच्या विचारात असाल, तर राहू द्या. तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय.

तुमची लेक,
अश्विनी